बिटाचा रस, एचबी आणि कॅन्सरनंतरचा थकवा

किमो संपली, शेक (रेडिएशन) संपले, डॉक्टर म्हणाले 'आता तीन महिन्यांनी दाखवा', की घरात मिक्सर सुरू होतो. सफरचंद, बीट आणि गाजर यांचा 'एबीसी ज्यूस' हा सध्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा रामबाण. जोडीला खजूर, काळ्या मनुका, डाळिंब आणि सकाळी बागेबाहेर मिळणारा गव्हांकुराचा रस. तर्क एकच: अशक्तपणा म्हणजे रक्त कमी, आणि लाल खाल्लं की रक्त वाढतं. पेशंट बिचारा निमूटपणे पितो. एचबी (हिमोग्लोबिन) साडेनऊवर अडकलेलं असतं ते तिथेच राहतं, आणि वर 'तू नीट खातच नाहीस' हे ऐकून घ्यावं लागतं.

हा आरोप बऱ्याचदा अन्यायाचा असतो. बिटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा. त्याचा लोहाशी संबंध नाही. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. गव्हांकुरांना 'हिरवं रक्त' म्हणून खपवतात, कारण हरितद्रव्याच्या रेणूचा सांगाडा हिमोग्लोबिनमधल्या हीम या रेणूसारखा दिसतो. पण हीमच्या मधोमध लोह असतं आणि हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम. एक काढून दुसरं बसवायची सोय आपल्या शरीरात नाही. असती, तर गवत खाणाऱ्या जनावरांना अ‍ॅनिमिया कधी झालाच नसता.

समजा, लोह खरंच भरपूर असलेलं काही खाल्लं. तरीही गाडी अडू शकते, आणि ती कुठे अडते हा शरीरशास्त्रातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

आपल्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतं. नव्या लाल पेशी घडवायला अस्थिमज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं जेवणातून येतं फक्त एक-दोन मिलिग्रॅम. बाकी सगळं जुनंच पुन्हा वापरलं जातं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी तिला गिळतात, हीम फोडतात आणि आतलं लोह रक्तात परत सोडतात. लोहाला पेशीतून बाहेर पडायला एकच दार आहे: फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. आतड्याच्या पेशीतून रक्तात येणारं लोहही ह्याच दारातून येतं.

या दाराचा मालक बसलेला आहे यकृतात. हेप्सिडिन नावाचं २५ अमिनो आम्लांचं चिमुकलं संप्रेरक यकृत तयार करतं. ते फेरोपोर्टिनला चिकटलं की पेशी ते दारच आत ओढून घेते आणि मोडून टाकते. हेप्सिडिनचा शोध २००० सालाच्या आसपासचा, आणि ते फेरोपोर्टिनवर असं काम करतं हे २००४ मध्ये समजलं. म्हणजे ही माहिती फार जुनी नाही.

शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की इंटरल्युकिन-६ (आयएल-६) हा संदेशरेणू वाढतो, आणि आयएल-६ वाढला की यकृत हेप्सिडिन ओतू लागतं. कशासाठी? जंतूंनाही वाढायला लोह लागतं. तेव्हा संसर्ग झाला की लोह लपवून ठेवायचं, असा हा उत्क्रांतीचा जुना डाव. ट्यूमरमुळे किंवा उपचारांमुळे झालेल्या दाहात मारायला जंतू नसतो, पण यकृताला तो फरक कळत नाही. गोदामात माल खच्चून भरलेला आणि शटर खाली, अशी अवस्था होते. मॅक्रोफेजमध्ये लोह अडकून पडतं, मज्जा उपाशी राहते. आतड्यात तर आणखी गंमत. खाल्लेलं लोह आतड्याच्या पेशीत शिरतं, पुढचं दार बंद, आणि ती पेशी चार-पाच दिवसांत गळून पडते. लोह शौचावाटे बाहेर!

म्हणून अशा पेशंटचं फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, नॉर्मल किंवा जास्तच येतं (दाहात ते एरवीही वाढतं) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती लोह चढलंय ते प्रमाण, मात्र २० टक्क्यांच्या खाली असतं. नुसतं फेरिटिन बघून 'लोह भरपूर आहे' म्हणणं फसवं. अशा वेळी गोळीचाही फारसा उपयोग होत नाही. काही जणांना डॉक्टर शिरेतून लोह देतात, त्यामागे हेच कारण. जाता जाता: लोहाच्या गोळीनेही हेप्सिडिन दिवसभर वाढलेलं राहतं. म्हणून लोह कमी असलेल्या तरुणींना रोजच्या ऐवजी एक दिवसाआड गोळी दिली, तर लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं, असं झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं.

आता पुढचा पेच. अनेकांचं एचबी बारावर येतं, ट्रीटमेंट संपून दोन-तीन वर्षं होतात, तरी अंगात त्राण नसतं. झोपून उठलं तरी थकवा जात नाही, भाजी चिरायला बसलं तरी गळून जायला होतं. इथे पुन्हा दाह. तेच आयएल-६ आणि त्याचे भाऊबंद मेंदूलाही 'पडून राहा' असा निरोप देतात. आजारी म्हैस वैरणीला तोंड लावत नाही, कळपापासून बाजूला बसते. हे वागणं म्हणजे आजाराशी लढण्याची शरीराची योजना असते, असं बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाने १९८८ मध्ये मांडलं. पुढे कॅलिफोर्नियात ज्युलियन बाउर यांना स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या, पण सतत थकलेल्या बायकांच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त सापडल्या. लढाई संपली, निरोप मात्र येतच राहिला.

मग आहाराने हा दाह कमी होतो का? थोडासा, बहुधा. मिशिगन विद्यापीठात अशा ३० बायकांवर प्रयोग झाला. एका गटाला तीन महिने फळं, भाज्या, अख्खी धान्यं आणि ओमेगा-३ असलेले पदार्थ भरपूर दिले. त्यांचा थकवा सरासरी ४४ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या गटाचा ८ टक्क्यांनी. आकडा छान आहे, पण बायका तीसच, आणि आपण काय खातोय हे प्रत्येकीला माहीत. 'म्हणजे ओमेगा-३च्या कॅप्सूल घेऊया' म्हणणाऱ्यांसाठी दुसरा प्रयोग: अमेरिकेत थकलेल्या बायकांना एकीकडे माशाचं तेल आणि दुसरीकडे सोयाबीन तेल दिलं, तर थकवा जास्त कमी झाला सोयाबीनवाल्यांचा! को-एन्झाइम क्यू-१० आणि एल-कार्निटिन ही थकव्यावर विकली जाणारी पूरकं मोठ्या चाचण्यांमध्ये नापास झालेली आहेत. तरी डबे खपतातच. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोडाची उसळ, बांगडा, मूठभर अक्रोड किंवा जवसाची चटणी यांतून जे मिळतं ते एका कॅप्सूलमध्ये सापडत नाही, एवढं मी म्हणेन.

आपल्याकडे खरी उणीव राहते ती प्रथिनांची. पेशंटला पचायला हलकं म्हणून पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर. वजन राहतं, स्नायू मात्र झिजतात, आणि जिना चढताना दम लागतो तो त्यामुळे. कॅन्सरच्या पेशंटसाठी दर किलो वजनामागे रोज किमान एक ग्रॅम, शक्य तर दीड ग्रॅम प्रथिनं सुचवतात. ५५ किलोच्या बाईला ५५ ते ८० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात आणि वाटीभर पातळ वरणात त्याहून कमीच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे गणित डॉक्टरांना विचारूनच करायचं. शिवाय नुसत्या प्रथिनांनी स्नायू भरत नाहीत, चालावंही लागतं. २०१७ मध्ये ११३ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा थकव्यावर व्यायाम आणि समुपदेशन हे औषधांपेक्षा सरस ठरले.

काही थकवे तर ताटातून सुटणारे नसतातच. तोंडाच्या कॅन्सरसाठी मानेला शेक दिलेल्यांची थायरॉइड पुढे मंदावू शकते. त्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्यावं. जठर काढलेल्यांना बी-१२ शोषता येत नाही, आणि यकृतातला साठा काही वर्षं पुरत असल्यामुळे त्रास फार उशिरा सुरू होतो. त्यांना बी-१२ बहुधा इंजेक्शनने द्यावं लागतं, तेही आयुष्यभर.