प्रत्यक्ष मायक्रोकंट्रोलरवरील स्वयंचलित चाचणी

मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे उपकरणाच्या आत बसवलेल्या एका चिपच्या छोट्या संगणकासाठी, लिहिलेले सॉफ्टवेअर ज्या चिपवर शेवटी चालणार आहे त्याच चिपवर चढवून, आणि निकाल माणसाने पडद्याकडे पाहून न ठरवता यंत्राकडूनच ठरवून घेऊन, पुन्हापुन्हा तपासण्याची पद्धत. फर्मवेअर, म्हणजे चिपवर चढवायचे असे सॉफ्टवेअर, लिहिणारे रोजच्या बोलण्यात याला ‘बोर्डवर टेस्ट चालवणे’ एवढेच म्हणतात. चाचण्यांचा मोठा भाग संगणकावरच उरकावा हा सल्ला रास्त आहे, कारण तिथे शेकडो चाचण्या काही सेकंदांत आटोपतात. क्यूईएमयू किंवा रेनोड यांसारखे एम्युलेटर (संगणकावर चिपची नक्कल करणारी सॉफ्टवेअर) त्याच्या पुढची पायरी गाठून देतात. त्यानंतर उरतात ती चिपबद्दल आणि तिला जोडलेल्या वस्तूंबद्दल लिहिणाऱ्याने मनात धरलेली गृहीतके, आणि त्यांची परीक्षा बोर्डावरच होते.

यांतील काही गृहीतके भाषेतच दडलेली असतात. आर्डुइनो उनो या बोर्डावरील एटीमेगा३२८पी ही चिप ८ बिटांची असून तिच्यावर सी भाषेतील ‘इंट’ हा पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा असतो. त्यामुळे २५० गुणिले २०० याचे उत्तर संगणकावर ५०,००० येते, तर या चिपवर ते ३२,७६७ या मर्यादेबाहेर जाऊन बहुधा उणे १५,५३६ असे दिसते. ‘कॅर’ हा अक्षराचा प्रकार नेहमीच्या संगणकावर चिन्हासह आणि आर्म घराण्याच्या चिपवर जीसीसी या कम्पायलरच्या मूळ नियमानुसार चिन्हाविना धरला जातो, म्हणून उणे १ शी केलेली तुलना एकीकडे जुळते आणि दुसरीकडे कधीच जुळत नाही. लिनक्सवर स्टॅकला, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या स्मृतीला, सहसा ८ मेगाबाइट मिळतात, तर एटीमेगा३२८पीची सगळी रॅमच २ किलोबाइटची आहे.

भाषेपेक्षा अवघड गृहीतके बाहेरच्या वस्तूंची असतात. नागपूरच्या घराघरांतला कूलर घ्या. खोली तापली की ताट्यांवर पाणी सोडणारा पंप चालू करायचा, एवढेच काम असलेला एक नियंत्रक आहे आणि त्याला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडला आहे, असे समजू. हा सेन्सर १२ बिटांचे एक मोजमाप करायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो, आणि वीज मिळाल्यावर पहिले मोजमाप पूर्ण होईपर्यंत त्याच्या स्मृतीत ८५ अंश सेल्सिअस हा ठरावीक आकडा बसलेला असतो. संगणकावरच्या चाचणीत सेन्सरच्या जागी ठेवलेले नकली फंक्शन विचारताच ३१ किंवा ३६ असे शहाणे उत्तर देते, म्हणून वाट पाहण्याची ओळ लिहायची राहून गेली तरी चाचणी पास होते. खऱ्या घरात मात्र वीज जाऊन आली की नियंत्रक पहिल्याच वाचनात ८५ वाचतो आणि जानेवारीच्या पहाटे तीन वाजताही पंप सुरू करतो. नवतप्यातही नागपूरच्या कुठल्या खोलीत ८५ अंश होत नाहीत, हे माणसाला न सांगता कळते. आज्ञावलीला कळत नाही. बोर्डावरील चाचणीत संगणक रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) बोर्डाची वीज तोडतो, दोन सेकंदांनी परत देतो आणि सिरिअलवर, म्हणजे एकेक बिट वाहून आणणाऱ्या तारेवर, आलेले पहिले तापमान तपासतो. ही एवढीशी चाचणी पन्नास वेळा चालवण्याचे काम माणसाला दिले, तर पाचव्या वेळेनंतर त्याचे लक्ष उडते.

यासाठीची मांडणी साधी असते. एक यजमान संगणक, बोर्ड, फर्मवेअर चढवण्यासाठी डीबग प्रोब, वीज तोडणारा रिले किंवा प्रत्येक पोर्टची वीज वेगळी बंद करता येणारा यूएसबी हब, आणि बऱ्याचदा सेन्सरचे सोंग वठवणारा दुसरा मायक्रोकंट्रोलर. आर्म कॉर्टेक्स-एम चिपांवर डीबग प्रोब घड्याळ आणि विदा अशा दोन संकेततारांवर, म्हणजे एसडब्ल्यूडीने, बोलतो. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे ओपनओसीडी हे मुक्त सॉफ्टवेअर जर्मनीतील ऑग्सबर्गच्या एका विद्यार्थ्याच्या २००५ मधील प्रबंधातून जन्मले. चाचण्या लिहिण्यासाठी सी भाषेत युनिटी ही छोटी चौकट लोकप्रिय आहे (याच नावाच्या गेम इंजिनाशी तिचा संबंध नाही). झेफिर या छोट्या चिपांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची ट्विस्टर आणि ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफची पायटेस्ट-एम्बेडेड ही साधने बोर्ड निवडण्यापासून निकाल गोळा करण्यापर्यंतचे काम सांभाळतात. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या चिपवर ‘प्रोग्राम संपला’ अशी अवस्थाच नसते. म्हणून फर्मवेअर शेवटी एक ठरलेली ओळ छापते, आणि ती दिलेल्या मुदतीत आली नाही तर संगणक चाचणी नापास धरून बोर्ड रिसेट करतो. मुदत न घातलेली मांडणी पहिल्या हँगलाच रात्रभर अडकून पडते. एव्हीआर चिपांवर (एटीमेगा३२८पी त्यांतलीच) आणखी एक अडचण येते : चाचण्यांची नावे आणि संदेश मुद्दाम फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, ठेवले नाहीत तर ते रॅममध्ये उतरतात, आणि चाचण्यांच्या बडबडीनेच रॅम संपते.

फ्लॅश झिजते, हेही हिशेबात धरावे लागते. एटीमेगा३२८पीची फ्लॅश १०,००० वेळा लिहिण्यापुरती हमीची आहे. दिवसाला ४० वेळा फर्मवेअर चढवले तर ही मर्यादा २५० दिवसांत गाठली जाते, म्हणून मांडणीतला बोर्ड हा खर्चाचा माल समजावा.

तापमानाचा प्रश्न विदर्भात पुस्तकापुरता राहत नाही. खर्च वाचवण्यासाठी चिपच्या घड्याळाला बाहेरचा क्रिस्टल न लावता चिपचा अंतर्गत आरसी ऑसिलेटर वापरला, तर एटीमेगा३२८पीच्या बाबतीत कारखान्यातून मिळणारी अचूकता २५ अंशांना अधिक-उणे १० टक्के एवढीच असते, आणि तापमानासोबत ती आणखी सरकते. सिरिअलच्या एका अक्षराला १० बिट लागतात आणि शेवटच्या बिटाचा मध्य साडेनऊ बिटांवर येतो. त्यामुळे दोन्ही टोकांच्या घड्याळांत साधारण ५ टक्क्यांचा फरक पडला की अक्षरे बिघडू लागतात, आणि व्यवहारात २ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असे मानतात. हिवाळ्यात, किंवा एसीच्या खोलीत, वर्षभर पास होणारा बोर्ड हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमधील पेटीत बसवला, की मे महिन्यात सिरिअलवर कचरा ओतू लागतो. बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना बंद पेटीच्या आतले तापमान त्याहून बरेच वर असते. याची चाचणी सिरिअलवरून घेण्यात अर्थ नाही, कारण निकाल सांगणारी वाटच बिघडलेली असते. बोर्डाने एक पिन ठरलेल्या गतीने वर-खाली करावी आणि क्रिस्टल असलेल्या, पेटीबाहेर ठेवलेल्या दुसऱ्या बोर्डाने ते ठोके मोजावेत, हा मार्ग बरा.

या पद्धतीवरचा सर्वांत रास्त आक्षेप असा की बोर्ड ठीक असतानाही चाचणी नापास होते. यूएसबीची तार सैल असते, स्वस्त ‘ब्लू पिल’ बोर्डावर एसटीएम३२ या आर्म चिपऐवजी तिची नक्कल असते आणि ओपनओसीडी अनपेक्षित ओळख-क्रमांक दिसल्याने जोडणी नाकारतो. शेजारच्या कूलरची मोटर सुरू होताच विजेचा झटका बसतो आणि हब क्षणभर सगळे पोर्ट सोडून देतो. अशा वेळी नापास चाचणी आपोआप तीनदा चालवून एकदा पास झाली तर पास धरणे, हा सर्रास केला जाणारा उपाय घातक आहे. इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा इशारा) चुकीच्या क्षणी आल्याने होणारी खरी चूकही नेमकी अशीच, दहांतून एकदा, दिसते. त्यापेक्षा फर्मवेअरने सुरू होताच रिसेटचे कारण छापावे. एटीमेगा३२८पीच्या एमसीयूएसआर या रजिस्टरमध्ये वीज नव्याने आली, व्होल्टेज घसरले, वॉचडॉगने (अडकलेली चिप रिसेट करणाऱ्या टायमरने) उठवले की बाहेरून रिसेट झाले, हे लिहिलेले असते (काही बूटलोडर, म्हणजे फर्मवेअरच्या आधी चालणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, ते आधीच पुसतात, हे लक्षात असू द्यावे). व्होल्टेज घसरल्याची नोंद असेल तर आधी मांडणीकडे पाहावे, वॉचडॉगची असेल तर कोडकडे.

काळाच्या ओघात उघड होणाऱ्या चुका मात्र बोर्डावरही आपणहून दिसत नाहीत. बोइंग ७८७ विमानाचे जनरेटर-नियंत्रक सलग २४८ दिवस वीज सुरू राहिल्यास एकाच वेळी बंद पडू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये दिला होता. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा ३२ बिटांचा चिन्हासह गणक नेमका तेवढ्याच दिवसांत भरतो. आर्डुइनोचा मिलिसेकंद-गणक ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो, म्हणजे १५ मार्चला लावलेल्या कूलरच्या नियंत्रकाला ३ मेच्या सुमारास, ऐन कडाक्यात, पंप केव्हा बंद करायचा हे कळेनासे होऊ शकते. मध्येच वीज गेली तर गणक नव्याने सुरू होतो आणि चूक झाकली जाते. लिनक्स कर्नल आपला गणक सुरुवातीलाच असा लावते की यंत्र चालू झाल्यावर पाच मिनिटांत तो उलटावा. बोर्डावरील चाचणीतही गणक मर्यादेच्या थोडा आधी ठेवून सुरू करतात, सोंगाड्या सेन्सरकडून ३८ अंश पाठवतात, आणि गणक उलटताना पंपाचा रिले ठरल्या वेळी सुटतो की अडकून राहतो, ते पाहतात.