मार्ग मंजूर झाला, म्हणजे पैसे आले का?

कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाताना हा विषय हमखास निघतो. पंचेचाळीस किलोमीटरची वाट, पाय भरून आलेले, चहाला टेकलं की कुणीतरी म्हणतं, "रेल्वे मंजूर झाली की ओ, आता येताना तरी गाडीत बसून येऊ." लगेच दुसरा म्हणतो, "मंजूर होऊन किती वर्षं झाली! पैसा कुठाय?" यात खोटं कुणीच बोलत नसतं. पहिला मंजुरीबद्दल बोलत असतो आणि दुसरा तरतुदीबद्दल. बातमीत मात्र दोन्हीला एकच शब्द असतो, 'मंजूर'.

घर बांधलेल्या माणसाला यातला फरक चटकन कळेल. महापालिकेनं बांधकामाचा नकाशा मंजूर केला, म्हणून दारात विटांचा ट्रक येत नाही. त्यासाठी बँकेकडून कर्जाचा हप्ता सुटावा लागतो. रेल्वेत मंजुरी म्हणजे तो नकाशा. आधी सर्वेक्षण, मग सविस्तर प्रकल्प अहवाल, मग रेल्वे बोर्ड, नीती आयोग, अर्थ मंत्रालय आणि रक्कम मोठी असेल तर केंद्रीय मंत्रिमंडळ, एवढी दारं ओलांडून ती मिळते आणि बहुधा एकदाच मिळते. तरतूद म्हणजे हप्ता. ती दरवर्षी नव्यानं मागावी लागते, १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंतच चालते आणि खर्च झाली नाही तर तिथंच संपते. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून मागणी.

'सर्वेक्षणाला मंजुरी' हे तर या दोन्हीत बसत नाही. ती फक्त मोजणी करायची परवानगी. तिच्यावर पेढे वाटू नयेत, एवढंच सांगतो.

तरतूद बघायची तर रेल्वेचं 'पिंक बुक' उघडावं. अर्थसंकल्पासोबत येतं, रेल्वेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. आपण मध्य रेल्वेचा भाग काढायचा. एकेका कामापुढे अंदाजित खर्च, आतापर्यंत झालेला खर्च, येत्या वर्षासाठी ठेवलेली रक्कम आणि उरलेली रक्कम असे रकाने असतात. आकडे हजार रुपयांत असतात, हे वर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि तेच नेमकं नजरेतून सुटतं. एखाद्या कामापुढे येत्या वर्षाच्या रकान्यात नुसता '१' दिसला, तर तो एक कोटी नव्हे, एक हजार रुपये! काम यादीतून गळू नये म्हणून ठेवलेली नाममात्र रक्कम. शेकडो कोटींचा प्रकल्प कागदावर मंजूर असतो, जिवंतही असतो, आणि त्या वर्षी त्याच्या वाट्याला मिस्त्रीचा दीड दिवसाचा पगारही आलेला नसतो. हा '१' ज्यानं एकदा डोळ्यांनी बघितला, तो पुन्हा नुसत्या 'मंजूर'वर विश्वास ठेवत नाही.

आता आपल्या मार्गाकडे बघू. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान सोलापुरात आले होते. सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) रेल्वेला मंजुरी मिळाल्याचं त्यांनी जाहीर सभेत सांगितलं, खर्च साधारण हजार कोटी. मार्ग ८४.४४ किलोमीटरचा, कागदावरचा मूळ अंदाज ९०४.९२ कोटींचा. पुढे खर्चाचा निम्मा वाटा राज्यानं उचलायचं ठरलं. म्हणजे इथं हप्ते दोन तिजोऱ्यांतून सुटायचे, दिल्लीतून आणि मुंबईतून, आणि दोन्ही वेळेवर सुटले तरच काम पळणार. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं आपल्या निम्म्या वाट्याला पुन्हा मान्यता दिली, तेव्हा प्रकल्पाचा सुधारित खर्च ३,२९५ कोटींच्या घरात गेला होता. मार्ग तोच, गावं तीच, खर्च साडेतीन पटींहून जास्त. मंजुरी जुनी होत जाते तशी तिची किंमत वाढत जाते. जमीन महागते, सिमेंट-लोखंड महागतं, पुलांची संख्या बदलते. उशीर फुकट नसतो, हे मला फार पोटतिडकीनं वाटतं, कारण तो पैसा शेवटी आपलाच.

याउलट दौंड-सोलापूर दुहेरीकरण आठवा. भिगवण ते मोहोळ एकेरी रूळ होता तेव्हा जेऊर, केम, वाशिंबे इथं "क्रॉसिंग लागलंय" म्हणत गाडी उभी राहायची. ते काम टप्प्याटप्प्यानं पुढे सरकत २०२२ मध्ये संपलं आणि १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिथं मंजुरीच्या मागोमाग पैसा येत राहिला.

मग संसद काय तपासते? पुष्कळांना वाटतं की लोकसभा एकेका मार्गाला मत देते. तसं नाही. १९२४ पासून वेगळा असलेला रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. आता रेल्वेची अनुदानाची मागणी, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेली रक्कम, एकगठ्ठा येते. २०२५-२६ मध्ये भांडवली खर्चासाठी अर्थसंकल्पातून २ लाख ५२ हजार कोटी दिले गेले. त्यात तुळजापूरचे किती, यावर सभागृहात वेगळं मतदान होत नाही. चर्चेला वेळ उरला नाही तर मागणी चर्चेविनाच मताला जाते. बारकाईचं काम होतं ते रेल्वेविषयक स्थायी समितीत. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य, त्यात मंत्री कुणी नाही. मागच्या वर्षी दिलेले पैसे का खर्चले नाहीत, कोणत्या कामांचा खर्च का फुगला, हे अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारायची ती जागा. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्यावर काय केलं हे सरकारला लेखी सांगावं लागतं.

खासदारांच्या प्रश्नांची उत्तरंही वाचण्यासारखी असतात, फक्त सावधपणे. एक आशय सारखा येतो: प्रकल्पांचं सर्वेक्षण, मंजुरी आणि अंमलबजावणी राज्यनिहाय किंवा जिल्हानिहाय नव्हे, तर झोननिहाय (मध्य रेल्वे हा असाच एक झोन) होते. दुसरा आशय: काम पूर्ण होणं हे भूसंपादन, वन खात्याची परवानगी, वाटेतल्या वीज-पाण्याच्या वाहिन्या हलवणं वगैरेंवर अवलंबून आहे. दोन्ही खरं आहे. पण सोलापूरकरानं विचारलेल्या 'कधी'चं उत्तर त्यात मिळत नाही. म्हणून प्रश्नच नेमका हवा: या मार्गाला या वर्षी किती दिले, मागच्या वर्षी दिलेल्यातले ३१ मार्चपर्यंत किती खर्चले आणि राज्याचा वाटा किती जमा झाला?

आपल्या गावातली गल्लतही याच जातीची आहे. जिल्हा नियोजन समितीत रेल्वेचा विषय निघाला की "समितीनं मार्ग मंजूर केला" असं बोललं जातं. ही समिती रूळ टाकत नाही. स्टेशनला जाणारा रस्ता, गटार, दिवे हे मात्र इथल्या आराखड्यांतून व्हायला हवं. रेल्वे फाटकावर उड्डाणपूल हवा असेल तर चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार बघतात. तो एक लाखाच्या पुढे गेला की रेल्वे खर्चात वाटा उचलायचा विचार करते. पण पूल जिथं उतरणार तिथली जागा विकास आराखड्यात राखलेली नसेल, तर रेल्वेचा पैसा असूनही अडतं. आणि नुसत्या मंजुरीच्या बातमीवर 'प्रस्तावित स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणून प्लॉट विकले जातात. घेणाऱ्यानं निदान तेवढ्यासाठी तरी ते पिंक बुक उघडावं.

माझ्या मावसभावाचं शेत तुळजापूरच्या वाटेवर आहे. मंजुरीची बातमी आली तेव्हा त्यानं विहिरीचं काम थांबवलं. पुढे दोन उन्हाळे ज्वारीवर काढले, द्राक्षं लावली नाहीत. "दादा, जमीन जाणार का नाही, तेवढंच सांग," असं तो मला फोनवर विचारायचा. मी त्याला म्हटलं, मंजुरीचं कात्रण ठेव बाजूला. सातबारा घे, प्रांत कार्यालयात जा आणि दोनच गोष्टी विचार. तुझा गट नंबर भूसंपादनाच्या अधिसूचनेत आहे का? आणि असला तर मोबदल्याचे पैसे त्यांच्याकडे जमा झालेत का? पहिल्याचं उत्तर त्याला त्याच दिवशी मिळालं. दुसऱ्यासाठी त्याला चार वेळा जावं लागलं.