थ्रीडी चित्र म्हणजे बिल फुगवणं नव्हे

‘फुप्फुस सगळ्यांचं सारखंच. सर्जनला पाठ असतं. मग थ्रीडी कशाला? बिल वाढवायला!’ नाशिकच्या दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. फुप्फुसाच्या ऑपरेशनआधी सीटी स्कॅनवरून संगणकावर त्याचं थ्रीडी चित्र बनवतात, त्याबद्दलची ही तक्रार. ती खरी नाही.

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, इतपत सारखेपणा बहुतेकांत असतो. रक्तवाहिन्यांचं तसं नाही. डाव्या वरच्या खंडाला जाणाऱ्या धमनीच्या फांद्या कुणाच्या तीन, कुणाच्या पाच, कुणाच्या तर सात. पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदाराला हे सांगायला नको. वाण एकच, तरी दोन वेलींचे ओलांडे (आडव्या फांद्या) आणि काड्या सारख्या नसतात. म्हणून ऑक्टोबर छाटणीत तो प्रत्येक वेल बघूनच कात्री लावतो.

फुप्फुसातली गाठ लहान असेल तर हल्ली अख्खा खंड न काढता त्याचा एखादाच भाग काढता येतो. तिथे नेमकी कोणती फांदी बांधायची आणि शेजारच्या भागाची कोणती शीर जपायची, हे आधी कळायला हवं. चुकीची वाहिनी तुटली तर रक्तस्राव होतो किंवा चांगला भाग निकामी होतो. थ्रीडी चित्रात पडद्यावर धमन्या एका रंगात, शिरा दुसऱ्या रंगात दिसतात आणि फुप्फुस फिरवून मागूनही बघता येतं.

दुसरी भीती पुन्हा स्कॅन करावं लागण्याची. आधीचं सीटी स्कॅन पातळ कापांचं (बारीक थरांचं) असेल, शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेलं असेल, तर बहुधा त्याच माहितीतून संगणक थ्रीडी चित्र बांधतो. त्यामुळे सीटीची सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्टचा कागद नको.