डिस्क कोणी धरून ठेवली आहे?

बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क ‘इजेक्ट’ करून काढायला जावं तर विंडोज सांगतं, डिव्हाइस वापरात आहे, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा. कोणता प्रोग्रॅम, ते सांगत नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात मार्चअखेरीचे हिशेब सीएकडे पोचवायची घाई असते, तीनदा बटण दाबून होतं आणि शेवटी माणूस वायर ओढतो. सीताबर्डीच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात अशाच एका फोटोग्राफरची डिस्क आली होती. कॉपी चालू असतानाच वायर निघाली आणि हळदीचे फोटो अर्धे राखाडी झाले. त्यांची चूक आम्हाला वाटत नाही. संदेशाने अडवलं खरं, पण वाट दाखवली नाही.

गंमत नाही, विंडोजला नाव ठाऊक असतं. ते बहुतेक वेळा सिस्टिम लॉगमध्ये, म्हणजे आपल्या घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नेल-पीएनपी’ (Kernel-PnP), क्रमांक २२५ अशी नोंद करतं आणि तिथे अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलेलं असतं. आमच्याकडून घेतलेल्या विंडोज १० आणि ११ च्या मशीनवर आम्ही एक छोटा प्रोग्रॅम टाकून देतो. ही नोंद पडली की तो पडद्यावर मराठीत लिहितो:

‘डिस्क एक्सेलने धरली आहे. काम सेव्ह करा, एक्सेल बंद करा, मग इजेक्ट करा.’

फाइलचं नाव त्या नोंदीत नसतं, म्हणून आम्हीही देऊ शकत नाही. नाव ‘एक्सप्लोरर’ आलं तर त्या डिस्कच्या उघड्या खिडक्या मिटवा. ‘सिस्टिम’ आलं तर बंद करण्यासारखं काही दिसणार नाही. तेव्हा मशीन शटडाउन करा, डिस्कचा दिवा विझला की काढा.

मशीन आमचं नसेल तर या नोंदी दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम उघडा, आणि इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम असं जाऊन २२५ शोधा. लिनक्सच्या गनोम डेस्कटॉपवर तर अडवणाऱ्या प्रोग्रॅमची यादी आपणहून समोर येते, विंडोजनेही तसंच करायला हवं होतं.

‘आता इजेक्टची गरज उरली नाही’ असं कोणी सांगेल. २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून विंडोज १० मूळ सेटिंगमध्ये बाहेरच्या डिस्कसाठी लिखाण मेमरीत साठवून ठेवत नाही, हे खरं. पण फाइल लिहिली जात असतानाच वायर निघाली तर ती अर्धीच राहते.

अशी ओढून काढलेली डिस्क पुन्हा लावल्यावर ‘फॉरमॅट करा’ असं विचारलं तर ‘रद्द’ दाबा. तिच्यावर नवं काही लिहू नका, तशीच आमच्याकडे घेऊन या.