मदतीचा पैसा कोणत्या बाजारात खर्च होतो? स्थानिक खरेदीच्या आग्रहाची पार्श्वभूमी

दुष्काळ, भूकंप किंवा युद्धानंतर मदतसंस्था एखाद्या गरीब देशात काम सुरू करतात, तेव्हा त्यांना तंबू, ब्लँकेटे, धान्य, औषधे, हातपंप, शाळेची बाके असे कितीतरी साहित्य विकत घ्यावे लागते. हे साहित्य शक्यतो त्याच देशातील शेतकरी, कारखानदार आणि व्यापारी यांच्याकडून घ्यावे, असा आग्रह गेली दोन-अडीच दशके वाढत्या जोराने धरला जात आहे. त्यामागचा प्रश्न मात्र फार जुना आहे आणि वडोदऱ्यातील मराठी वाचकाला तो परका वाटू नये.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थान सरकारच्या खात्यांना लागणारे बरेचसे सामान लंडनमधील इंडिया ऑफिसमार्फत खरेदी होत असे. पैसा इथल्या करदात्याचा असूनही मागणी तिथल्या कारखान्यांकडे जाई. यावर दीर्घकाळ टीका झाल्यानंतर १९२२ मध्ये भारतातच खरेदी करणारे इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले. तोपर्यंत बडोदा संस्थानाने उद्योगाची पायाभरणी केली होती. महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय निघाले, १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेम्बिक या औषधकंपनीचा कारखाना उभा राहिला आणि १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. शिक्षण, उत्पादन आणि भांडवल या तिन्हींची सोय अशी होत गेली. पण कारखाना टिकायचा तर खात्रीचे गिऱ्हाईकही लागते. आज अनेक गरीब देशांत ते गिऱ्हाईक होण्याची ताकद मदतसंस्थांकडे आहे, म्हणूनच त्यांनी कोठून खरेदी करावी हा प्रश्न केवळ हिशेबाचा उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरची परदेशी मदत बहुतांशी अटींनी बांधलेली होती: पैसा आम्ही देऊ, माल आमच्याकडून घ्या. अमेरिकेचा १९५४ चा पीएल-४८० कायदा हे त्याचे आपल्याला सर्वांत परिचित उदाहरण. अमेरिकी शेतकऱ्यांचे शिलकी धान्य खपवणे हा त्याचा उघड हेतू होता. भारताला त्याचा आधार मिळाला, हेही तितकेच खरे आहे. १९६६ या एका वर्षात देशात सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले आणि त्यातील मोठा वाटा या कायद्याखाली आला. रेशनवरचा तो लाल गहू जुन्या पिढीच्या अजून स्मरणात आहे. परंतु अशा धान्याने घेणाऱ्या देशातील शेतमालाचे भाव पडतात आणि तिथल्या शेतकऱ्याचे नुकसान होते, हा इशारा अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच दिला होता.

अशा अटींची किंमत घेणाऱ्याला मोजावी लागते. बांधील मदतीतील वस्तू व सेवा खुल्या बाजाराच्या तुलनेत साधारण १५ ते ३० टक्के महाग पडतात, असा ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचा बहुचर्चित अंदाज आहे. ब्रिटनमध्ये मलेशियातील पेर्गाऊ धरणाला दिलेली मदत शस्त्रविक्रीशी जोडली गेल्याचे उघड झाले आणि १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. पुढे २००१ पासून ब्रिटनने आपली सर्व मदत अशा अटींतून मोकळी केली. त्याच वर्षी ओईसीडीच्या देणगीदार देशांनी सर्वांत गरीब देशांपुरती तशी शिफारस स्वीकारली, मात्र अन्नमदत तिच्या कक्षेबाहेर राहिली. सर्वाधिक नुकसान जिथे होत होते तीच बाजू वगळली गेली, असे माझे मत आहे.

अन्नमदतीतील बदल त्यानंतर आला. अमेरिकी धान्य गरीब देशांत विकून त्यातून प्रकल्प चालवण्याची पद्धत आपण सोडत असल्याचे केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने २००७ मध्ये जाहीर केले. स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडणारा हा निर्णय धाडसी होता. २००८ मध्ये कॅनडाने अन्नमदत पूर्णपणे अटमुक्त केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रम या संस्थेने वीस देशांत छोट्या शेतकऱ्यांकडून धान्य घेण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. शेतकरी गटांशी थेट करार करणे, साठवण आणि प्रतवारी शिकवणे अशी कामे त्यात होती. २०१९ मध्ये या संस्थेने स्थानिक आणि प्रादेशिक खरेदीचे स्वतंत्र धोरणच स्वीकारले.

तरीही खरेदी आपोआप स्थानिक होत नाही. निविदा मोठ्या आकाराच्या आणि परक्या भाषेत असतात, गुणवत्तेची प्रमाणपत्रे महाग असतात, बयाणा रक्कम भरावी लागते आणि देयके महिनोन्‌महिने रखडतात. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही लघुउद्योजकाला ही यादी पाठ असेल. भारतात त्यावर काही उपाय झाले आहेत. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगांची देयके ४५ दिवसांत चुकती करणे बंधनकारक केले. २०१२ च्या खरेदी धोरणाने त्यांना बयाणा रकमेतून सूट दिली आणि सार्वजनिक खरेदीत त्यांचा ठरावीक वाटा राखला, जो आता २५ टक्के आहे. मदतसंस्थांनीही निविदांचे लहान तुकडे पाडणे, स्थानिक पुरवठादारांची पडताळलेली सूची ठेवणे आणि काही रक्कम आगाऊ देणे अशी पावले उचलली, तर फरक पडतो. टांझानियातील अरुशा येथे जपानी कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन २००३ पासून कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या तयार होऊ लागल्या; हे घडले ते मागणीची हमी आणि तंत्रज्ञान या दोहोंच्या जोरावर.

स्थानिक खरेदी सरसकट योग्य असते, असे मात्र नाही. पीक बुडालेल्या प्रदेशात मदतसंस्थेने एकदम धान्य उचलले तर भाव भडकतात आणि विकत घेऊन खाणारा गरीब आणखी अडचणीत येतो; अशा वेळी शेजारच्या जिल्ह्यातून किंवा देशातून खरेदी करणे शहाणपणाचे ठरते. औषधांच्या दर्जात तर तडजोड चालतच नाही.

आता भारत स्वतः मदत देणारा देश आहे. आयात-निर्यातीला कर्ज देणाऱ्या सरकारी एक्झिम बँकेमार्फत विकसनशील देशांना दिल्या जाणाऱ्या सवलतीच्या कर्जात साधारणपणे ७५ टक्के माल व सेवा भारतातून घेण्याची अट असते. तिचा फायदा गुजरातच्या पंप आणि वीजसामग्रीच्या कारखान्यांना होऊ शकतो, हे मान्य करूनही, किमान सर्वांत गरीब देशांसाठी ही अट सैल करून तिथल्या उद्योगांना वाटा द्यावा, असे मला मनापासून वाटते.