फास्ट वाजवला म्हणजेच गिटार हीरो? नाही ना बाप्पा!

आपल्या नागपुरात धरमपेठेतल्या चहाच्या टपरीपासून कॉलेज फेस्टपर्यंत वर्षानुवर्षं एकच गोष्ट ठासून सांगतात, की मेटलमधले, म्हणजे हेवी मेटल संगीतातले गिटार हीरो ऐंशीच्या दशकासोबत संपले, आता नुसती धडधड उरली. राजेहो, असं काही नाही. हे पसरलं काहून, तर १९९४ मध्ये कॉर्न ह्या अमेरिकन मेटल बँडचा पहिला अल्बम आला, सात तारांच्या गिटारी अन् सोलोचा, म्हणजे गिटारवाला एकटाच पुढे येऊन वाजवतो त्या तुकड्याचा पत्ताच नाही, मग लोकांनी धरून घेतलं की सोलो गेला म्हणजे हीरोही गेला.

पण ब्लॅक सॅबथ बँडच्या टोनी आयोमीला आपण कशासाठी मानतो? कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो, तर पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली अन् वाजवत राहिला, आणि नाव झालं ते रिफमुळे, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्यामुळे, स्पीडमुळे नाही.

आताचा टोसिन अबासी बघा ना. आठ तारांची गिटार, अंगठा खाली जातानाही तार वाजवतो अन् वर येतानाही, बेस गिटारवाल्यांची स्लॅपची, म्हणजे तारेवर अंगठा आपटायची ट्रिक तो मेटलच्या गिटारवर वापरतो. त्याच्या अॅनिमल्स अॅज लीडर्स बँडचा पहिला अल्बम २००९ चा, त्यात गाणारा कोणीच नाही! अन् सोलोच पाहिजे असेल तर गिटारिस्ट नीता स्ट्रॉस आहे, २०१८ मध्ये आयबानेझ ह्या गिटार कंपनीने तिच्या नावाचं सिग्नेचर मॉडेल काढलं.

माझ्या मते मेशुगा बँडचा गिटारिस्ट फ्रेड्रिक थॉर्डेंडल ह्या सगळ्यांचा बाप, पण त्याचं नाव घेतलं की आपली पोरं लगेच फास्ट वाजवण्यासाठी गाजलेल्या माल्मस्टीनचा स्पीड काढून बसतात.