ब्रिटनच्या ज्यू वृद्धाश्रमांत शेफची नोकरी: पात्रता, कागदपत्रे आणि कोशर स्वयंपाकघर

लंडनमध्ये ज्यूइश केअर, नाइटिंगेल हॅमरसन आणि मँचेस्टरकडे द फेड अशा संस्था ज्यू समाजासाठी वृद्धाश्रम चालवतात. तिथल्या शेफला ज्यू असण्याची अट नसते. अन्न कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांनुसार, राहते की नाही यावर नजर ठेवणारा शोमेर मात्र धर्म पाळणारा ज्यूच असतो.

आधी व्हिसा पाहा. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसा, मोजके अपवाद वगळता, पदवी पातळीच्या कामांनाच मिळतो आणि शेफ त्या अपवादांत नाही. त्यामुळे भारतात बसलेल्या कुणाला एजंट 'शेफची स्पॉन्सरशिप' विकत असेल, तर पैसे देऊ नका. त्या तारखेच्या आधीपासून हा व्हिसा असलेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे. कायम वास्तव्याची परवानगी, डिपेंडंट किंवा ग्रॅज्युएट व्हिसा असलेल्यांना अर्ज करता येतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येते आणि कायमस्वरूपी पूर्णवेळ जागा घेता येत नाही.

कामाच्या परवानगीचा पुरावा म्हणजे सरकारी संकेतस्थळावरून काढलेला शेअर कोड. तो 90 दिवस चालतो, म्हणून मुलाखत ठरल्यावरच काढा. पासपोर्ट, पत्त्याचे पुरावे, गेल्या 5 वर्षांचे सगळे पत्ते आणि फूड हायजीन लेव्हल 2 चे प्रमाणपत्र हाताशी ठेवा. मुख्य शेफसाठी बहुधा लेव्हल 3 मागतात. डीबीएस तपासणीचा (गुन्हेगारी नोंदींच्या सरकारी तपासणीचा) अर्ज नोकरी देणारी संस्थाच सुरू करते. ही तपासणी ब्रिटनबाहेरच्या गुन्ह्यांची नोंद दाखवत नाही, म्हणून भारतातले पोलीस क्लिअरन्सही मागू शकतात.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नोकरीच्या इतिहासावर. वृद्ध आणि रुग्णसेवा क्षेत्राचे नियम पूर्ण इतिहास मागतात आणि मधल्या प्रत्येक खंडाचे लेखी कारणही. चार महिने गावी आईची शुश्रूषा केली असेल, तर तसे सरळ लिहा. आधी एखाद्या वृद्धाश्रमात किंवा रुग्णसेवेत काम केले असेल, तर तिथला संदर्भ (रेफरन्स) मागितला जाणारच.

आता खरी परीक्षा. कोशर स्वयंपाकघरात मांसाचे आणि दुधाचे सगळे वेगळे: भांडी, सिंक, फडकी, तापमान मोजायची सळईसुद्धा. दोन्हींत न मोडणाऱ्या पदार्थांना पारवे म्हणतात. वृद्धांचे वजन घटू लागले की इतर वृद्धाश्रमांत बटाट्याच्या लगद्यात लोणी, साय, दूध पावडर घालून उष्मांक वाढवतात. इथे मांसाच्या जेवणात ते चालत नाही. तेल, अंड्याचा बलक, पारवे मार्जरिन किंवा नारळाचे घट्ट दूध वापरावे लागते. जेवणानंतरचे कस्टर्डही सोया दुधाचे. मुलाखतीत हे उत्तर तयार असू द्या, कारण ते देणारा उमेदवार कोशरही समजतो आणि म्हातारपणही.

गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी इड्सी (IDDSI) पातळ्या, म्हणजे अन्न किती मऊ आणि बारीक हवे याची आंतरराष्ट्रीय मापे, पाठ हव्यात: चौथी म्हणजे गुळगुळीत लगदा, पाचवीत प्रौढांसाठी तुकडे 4 मिलिमीटरपर्यंत, सहावीत 1.5 सेंटिमीटरपर्यंत. घट्टपणा आणणारी पावडर आणि जिलेटिनही कोशर हवे. ॲलर्जी आणणाऱ्या 14 ठरावीक पदार्थांची नोंद ठेवावी लागते ती वेगळीच. दुधाऐवजी बदामाचे दूध घेतलेत, तर त्यातल्या एका ॲलर्जीला आमंत्रण दिलेत.

शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विसाव्याचा दिवस, लागतो आणि शनिवारी रात्रीपर्यंत नवा स्वयंपाक बंद. कोकणात तेल गाळणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना 'शनिवार तेली' म्हणत, ते या विसाव्यामुळेच. लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो, जूनमध्ये नऊनंतर. त्यामुळे शुक्रवारची पाळी ऋतूप्रमाणे सरकते. ही गोष्ट करारावर सही करण्याआधीच विचारून घ्या. खमीर वर्ज्य असलेल्या पेसाखच्या सणाला तर स्वयंपाकघर बदलूनच टाकावे लागते, त्या आठवड्यांत रजेची आशा धरू नका.

प्रत्यक्ष चाचणीला जाताना दोन चुका टाळा. गॅस मध्येच विझला तर स्वतः पेटवू नका, शोमेरला हाक मारा; ज्यू व्यक्तीने आग लावलेली असणे ही कोशरची अट आहे. आणि घरचा डबा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, कर्मचाऱ्यांच्या खोलीत ठेवा. त्यातला एक चमचा चुकून तिथल्या सिंकमध्ये पडला, तरी शोमेरला काम थांबवावे लागू शकते.